वाटेत अडवलेला सांगावा

आमच्या डॉक्टरांचे कान मोठे होते आणि त्यांवर पांढरे केस होते. माणसाची ओळख कानापासून करून देणं बरं नव्हे, पण त्यांच्या बाबतीत इलाज नाही. ते पडद्याचे डॉक्टर. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला जो पडदा असतो, त्याचे. तपासताना ते पेशंटच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचे, अंगठ्यानं पापणी वर करायचे आणि म्हणायचे, "माझ्या कानाकडं बघा." म्हणजे डोळा हलत नाही. त्यामुळे सांगली, तासगाव, शिराळा या भागातली निम्मी म्हातारी माणसं त्यांना तोंडावरून नाही, कानावरून ओळखायची. एकदा मंडईत एक आजी मला थांबवून म्हणाल्या, "तुमच्या सायबास्नी सांगा, जरा कान भादरून घ्या म्हनावं."

मी सांगलीत विश्रामबागेतल्या त्यांच्या दवाखान्यात अकरा वर्षं होते. हुद्दा समुपदेशक. आलेल्या माणसाला समजावायचं आणि न आलेल्याला फोन करायचा, एवढंच काम, आणि त्यातलं दुसरंच जास्त. महिन्याच्या महिन्याला डोळ्यात सुई टोचून घ्यायला हौसेनं कोण येतंय? कोणाच्या घरी लग्न, कोणाची ऊसतोड, आणि कोणाचं "आता दिसतंय की बरं, मग कशाला?" दिवसाला तीसेक फोन व्हायचे. संध्याकाळी घसा बसलेला असायचा आणि घरी गेल्यावर मुलांशी बोलायची इच्छा उरायची नाही. डॉक्टर मला मास्तरीणबाई म्हणायचे. मी उभ्या आयुष्यात शाळेत शिकवलेलं नाही, पण अकरा वर्षांत त्यांनी माझं खरं नाव एकदाही घेतलं नाही. त्यांना ते ठाऊक तरी होतं की नाही, याची मला शंका आहे.

माणसं मोजायची त्यांना सवयच नव्हती. ते डोळे मोजायचे. संध्याकाळी बेसिनवर पाठमोरे उभे राहून हात धुता धुता सांगायचे, "लिहा मास्तरीणबाई. चौतीस." ज्या डोळ्यात उजेड शिल्लक आहे तेवढेच धरायचे. विझलेला डोळा तपासायचे, पण मोजायचे नाहीत. मी वहीत तारीख घालून आकडा लिहायची. त्या वहीचा कोणाला काही उपयोग नव्हता. हात पुसून झाले की म्हणायचे, "दमलो." रोज तेवढंच, त्याच सुरात. पहिल्या वर्षी मी विचारायची, "चहा सांगू का सर?" ते नको म्हणायचे. नंतर विचारायचं सोडलं, कारण मीही दमलेली असायची.

पडदा तपासण्याआधी डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते. ती मोठी व्हायला अर्धा तास जातो आणि नंतर चार-पाच तास जवळचं काही दिसत नाही. डॉक्टरांनी या अर्ध्या तासाचा फायदा करून घेतला होता. बाहेरच्या हॉलमध्ये बाकांवर वीसपंचवीस माणसं डोळे मिटून बसलेली असायची. हे खडू घेऊन यायचे, भिंतीवरच्या हिरव्या फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढायचे आणि भाषण सुरू करायचे. समोरच्यांचे डोळे मिटलेले, मग फळा कोणासाठी, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "माझ्यासाठी. आणि थेंब घातलेला माणूस उठून पळत नाही, हा दुसरा फायदा."

त्यांचं भाषण मला पाठ आहे. मी ते अजूनही लोकांना सांगते, फक्त खडू नसतो.

ते सांगायचे, पडदा हा लई खादाड अवयव. त्याला सारखं रक्त लागतं, रक्तातली हवा लागते. साखरेच्या आजारात त्याच्या बारीक शिरा खराब होतात. आधी शिरेला बाहेरून धरून ठेवणारे पेशींचे टेकू जातात, मग शीर फुगते, पाझरते, आणि शेवटी बुजते. पलीकडचा पडद्याचा तुकडा उपाशी पडतो. उपाशी माणूस काय करंल? इथं ते थांबायचे. बाकावरून कोणीतरी मिटल्या डोळ्यांनीच म्हणायचं, "वरडंल."

"वरडत न्हाई. सांगावा धाडतो."

इंग्रजीत त्या रसायनाला व्हीईजीएफ म्हणतात. केसपेपरवर मी ती चार अक्षरं हजारदा लिहिली असतील. पण हॉलमध्ये डॉक्टरांनी ती कधी उच्चारली नाहीत. ते सांगावाच म्हणायचे. उपाशी पेशी हा सांगावा सोडते, तो शेजारच्या शिरांपर्यंत जातो, आणि शिरेला फुटवा येऊन ती हाकेच्या दिशेनं वाढायला लागते. आईच्या पोटात बाळाचा डोळा तयार होतो तेव्हाही हाच सांगावा जातो. तिथं तो वेळेवर जातो, बेतानं जातो, आणि त्याच्या मागोमाग दुसरा एक सांगावा जातो, की आलात ना, आता थांबा, भिंती बांधा, नीट रहा. म्हणून बाळाचा पडदा सुबक होतो. म्हातारपणी पहिलाच सांगावा तेवढा जातो, तोही आरडाओरडा करत. दुसरा कोणी ऐकत नाही. मग शिरा येतात त्या घाईत, कच्च्या भिंतीच्या, नको त्या जागी. त्या गळतात, फुटतात, डोळ्यात रक्त उतरतं. पुढं त्यांचे व्रण आखडतात आणि पडदाच ओढून काढतात.

"पडद्याला मारायला वैरी येत न्हाई," ते म्हणायचे. "मदतीला येतात तेच मोडतात. आमचं औषध शिरंला काय करत न्हाई. ते फक्त सांगावा वाटंत अडवतं. महिनाभर अडवतं. भूक हाय तशीच हाय. म्हणून महिन्यानं परत या."

एवढं सोपं करून सांगितलेलं मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलं नाही. तरी महिन्यानं निम्मे यायचे नाहीत.

यावरून त्यांनी एक युक्ती काढली आणि ती माझ्या अंगाशी आली. मला म्हणाले, "इंजेक्शनची तारीख आहे असं फोनवर सांगू नका. सुई ऐकली की माणूस फोन ठेवतो. डॉक्टरांचा सांगावा आहे म्हणा. सांगावा आला की आपल्याकडं माणूस घरात बसत नाही." मी म्हटलं, सर, सांगावा शब्द चांगला नाही, गावाकडं तो कोणी गेलं की येतो, ते तुम्हाला माहीत आहे. ते म्हणाले, "मी साताऱ्याचा आहे, मला शिकवू नका."

शिराळ्याकडच्या एक आजी उपचारासाठी सांगलीत लेकीकडं राहिल्या होत्या. कागदावर नंबर मात्र गावातल्या शेजाऱ्याचा. मी शेजाऱ्याला फोन केला, "डॉक्टरांकडनं आजींचा सांगावा आहे. उद्या सकाळी यायला सांगा." शेजाऱ्यानं सुनेला सांगितलं, सुनेनं रानात मुलाला. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडून अर्धा तास झाला नाही तोच एक टेम्पो दारात उभा राहिला आणि त्यातून भावकी उतरली. बावीस माणसं. पुरुषांच्या डोक्यावर टॉवेल. बायका पायरीपासूनच रडत. एकीनं माझा हात धरून विचारलं, "शेवटी बोलली का गं काय?"

कोणाच्या पोटात अन्न नव्हतं. एकाला भोवळ आली. त्याला आडवं करायला बाक मोकळा केला, तर बाकाचा पाय मोडला. पाण्याचा जार उपडा झाला. थेंब घातलेले एक गुरुजी गोंधळून उठले आणि दारावर आपटले. तेवढ्यात आजी लेकीबरोबर रिक्षातून उतरल्या, हातात अर्धं केळं. आपल्यासाठी चाललेलं रडणं त्यांनी थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, "कोन गेलं गं?"

मला वाटलं, आज नोकरी गेली. डॉक्टर आतून आले, हॉल बघितला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की तसा मी आधी पाहिला नव्हता. ते खुर्चीवर चढले.

"हेच," ते म्हणाले. "हेच होतं पडद्यावर. सांगावा आला. सगळी मायेची माणसं, उपाशीपोटी धावत आली. कुणी चूक न्हाई. आनि दवाखान्याची वाट लागली."

भावकीतला एक म्हातारा खालून म्हणाला, "ते खरं हाय सायेब, पर आता परत जायाचं कसं? टेम्पोवाला गेला की."

त्या दिवशी आजींना इंजेक्शन दिलं, आणि बावीस माणसांच्या साखरा तपासल्या. सहा जणांना आजार निघाला, त्यांना माहीतच नव्हता. सहाही जण पुढं नियमानं यायचे. मी मात्र फोनवर सांगावा हा शब्द पुन्हा वापरला नाही, आणि डॉक्टरांनीही आग्रह केला नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते. माझे वडील, तात्या, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले आणि तासगावजवळ गावी द्राक्षबाग करायला लागले. साखर जुनी. डावा डोळा गेला तो माझ्या डोळ्यादेखत गेला. बोलावलं की म्हणायचे, "आगं बाय, छाटणी चाललीय." मग घड औषधात बुडवायचं डिपिंग, मग बेदाण्याचं शेड. एक दिवस डोळ्यात रक्त उतरलं. ऑपरेशन केलं, पण पडदा ओढला गेला होता. दिवसभर परक्या माणसांना फोन करणारी मी, मला माझा बाप वेळेवर आणता आला नाही. याची मला लाज वाटायची आणि अजून वाटते.

राहिला उजवा. त्याच्याही पडद्यावर सूज होती. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सुई, ती चुकली की डोळा धोक्यात. तात्यांची बाग, त्यांचं पेपर वाचणं, एकट्यानं एसटीत चढणं, सगळं त्या एका डोळ्यावर होतं. सहा महिने आले. मग पुन्हा सुरू झालं. "पुढच्या गुरवारी यितो." मी चिडले, रडले, भावाला मध्ये घातलं, आईची शपथ घातली. शेवटी फोन केला की तात्या उचलायचेच नाहीत. जितकं मी ओढायची तितके ते लांब जायचे. दवाखान्यात मी कोणाला बोलले नाही. कोणत्या तोंडानं बोलणार?

तिसऱ्या महिन्यात, पहिल्या गुरुवारी संध्याकाळी, डॉक्टर बेसिनवर उभे होते. "लिहा मास्तरीणबाई. सव्वीस." आणि नळ बंद केला नाही. पाणी वाहत राहिलं.

"पहिल्या गुरुवारचा आकडा विषम यायचा," ते म्हणाले. "त्या यादीत एका डोळ्याचे तुमचे वडील एकटेच. तीन महिने झाले, सम येतोय. ते कुठं आहेत?"

मी वही घेऊन तिथंच रडायला लागले. त्यांनी समजूत वगैरे घातली नाही. ती त्यांना जमायची नाही. म्हणाले, "रविवारी सकाळची तासगाव गाडी किती वाजता असते?"

पेशंटच्या दारात जायचं नाही हा त्यांचा जुना नियम. "आपण कळवायचं. ओढून आणायचं नाही," असं मलाच ते दहादा बोलले होते. रविवारी ते माझ्याशेजारी एसटीत बसले, मांडीवर पिशवी, पिशवीत तपासायची टॉर्च आणि सुटा खडू. वाटेत ते ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होते. मला वाटलं भाषणाची तयारी करत आहेत, आणि ते खरंच होतं.

फळछाटणी होऊन महिना झाला होता. तात्या वेलीखाली वाकून जादा फूट काढत होते. एका डोळ्यानं अंतर कळत नाही, म्हणून आधी काडी बोटांनी चाचपायचे आणि मग खुडायचे. ते मी आधी कधी नीट बघितलं नव्हतं. मला बघवेना.

डॉक्टर मांडवाखाली वाकून शिरले. "हवालदार, ही फूट कशाला काढता?"

"गर्दी हुती. घडाला ऊन मिळत न्हाई."

"एकदा काढली की झालं?"

"एकदानं कसं हुईल? बगलफूट यितीच की परत." मग तात्या सरळ झाले. ते काही खुळे नव्हते. "सायेब, मला द्राक्षातनं शिकवाय आलाय व्हय? मला समदं कळतंय. तुमचा सांगावाबी कळतो, आनि तो वाटंत अडवायचाबी कळतो. पोरीनं हजारदा सांगितलंय."

डॉक्टरांचं भाषण तिथंच संपलं. हातातला खडू त्यांनी पिशवीत टाकला. मला त्यांची दया आली. एवढ्या लांब येऊन त्यांचं एकच हत्यार होतं, तेही बोथट निघालं.

"मग येत का न्हाई?" त्यांनी विचारलं.

तात्यांनी कमरेची कात्री काढून पुसायला घेतली. "कंटाळा आला, सायेब. कवापतूर टोचून घ्यायचं? डावा टोचून टोचूनच गेला. ह्योबी जायाचा आसंल तर जाऊ द्या की एकदाचा. आदल्या रातीपासनं मला झोप लागत न्हाई. पोरगी म्हनती, दुखत न्हाई. तिच्या डोळ्यात टोचलंय का कुनी? मी लडाई बघितलीय, पर सुई डोळ्याम्होरं आली की माजं पाय कापत्यात. हे कुनाला सांगू?"

मी अकरा वर्षं समुपदेशक होते. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मी फक्त तारखा सांगत होते.

डॉक्टर मातीतच बसले. साहेबी पँटनं, ओल्या सरीत. "मलाबी कंटाळा आलाय, हवालदार," ते म्हणाले. "लई आलाय. कवापतूर ते मला माहीत न्हाई. खोटं सांगत न्हाई. डावा सुईनं न्हाई गेला, उशिरानं गेला, पण ते ऱ्हाऊ द्या. भूक मारायचं औषध माझ्याकडं न्हाई. दुरुस्त करायचा तो दुसरा सांगावा आजून माझ्या हातात आलेला न्हाई. कुनीतरी कुठंतरी शोधत आसंल. तवर मी दर महिन्याला नुसता वाटंवर हुबा ऱ्हातो. दमतो. तुमी फौजेत पहारा दिलाय. बदली आल्याबिगर पोस्ट सोडता येती का?"

"न्हाई."

"मग मी एकटा कसा हुबा ऱ्हाऊ?"

तात्यांनी कात्री खाली ठेवली. पाणी आणायला मला घरी पिटाळलं. मी तांब्या घेऊन परत आले तेव्हा दोघं वेलीखाली शेजारी शेजारी बसले होते. परतीच्या गाडीत डॉक्टर म्हणाले, "तुमच्या वडिलांसाठी गेलो नव्हतो. आकडा जुळत नव्हता." पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तात्या दवाखान्याच्या काउंटरसमोर ताठ उभे राहिले आणि मला, स्वतःच्या मुलीला, म्हणाले, "रिपोर्ट करतोय." संध्याकाळी आकडा सत्तावीस आला.

त्यानंतर तात्या चुकले नाहीत. दोन सुयांमधलं अंतर महिन्याचं दोन महिने झालं, दोनाचं तीन. दृष्टी वाढली नाही, पण होती ती टिकली.

दमले ते डॉक्टर. आधी नावं विसरायला लागले, पण ती त्यांना कधीच आठवायची नाहीत, म्हणून आमच्या लक्षात आलं नाही. मग एका गुरुवारी डाव्या डोळ्याची खूण केलेल्या पेशंटचा उजवा डोळा साफ करायला घेतला. सिस्टरनं हात धरला. त्यांनी खुणेकडं बघितलं, हातमोजे काढले, आणि त्या दिवसापासून सुईला हात लावला नाही. महिनाभरात दवाखाना बंद झाला. त्यांना संसार नव्हता. साताऱ्याहून बहीण आली आणि घेऊन गेली. मी आता दुसरीकडं काम करते. तिथं फोन करावे लागत नाहीत, संगणकच सगळ्यांना मेसेज पाठवतो. लोक तरीही येत नाहीत. त्यांनाही काही दुसरंच सांगायचं असेल, असं मनात येतं, पण विचारायला वेळ नसतो.

गेल्या महिन्यात डॉक्टरांच्या बहिणीचा फोन आला. म्हणाल्या, "तो आता कोणाला ओळखत नाही हो. दोन दिवस झाले, जेवत नाही. एकच बोलतोय, मास्तरीणबाईला सांगावा धाड. ही कोण ते मला ठाऊक नव्हतं. दवाखान्याच्या जुन्या सिस्टरकडून तुमचा नंबर मिळाला."

मी तात्यांना कळवलं, जायला जमेल का म्हणून. छाटणी तोंडावर होती. तात्या म्हणाले, "सांगावा आलाय म्हंजे काय इचारतीस? पयल्या गाडीनं निघायचं."

साताऱ्यात ते गॅलरीत खुर्चीवर बसले होते, अजिंक्यताऱ्याकडं तोंड करून. वाळले होते. कान मात्र तेवढेच. मी पाया पडले. "सर, मी आले." त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या खांद्यापलीकडं बघितलं, आणि पुन्हा डोंगराकडं. अकरा वर्षं शेजारी राबून माझ्या वाट्याला एवढंच आलं, असं वाटलं. बहीण म्हणाल्या, "मनावर घेऊ नका. मलाही आई म्हणतो."

तात्यांनी आतून एक स्टूल ओढत आणलं. डॉक्टरांसमोर ठेवलं, अगदी जवळ, आणि गुडघ्याला गुडघा लावून बसले. मग डॉक्टरांचा हात आपोआप वर आला. अंगठ्यानं त्यांनी तात्यांच्या उजव्या डोळ्याची पापणी उचलली.

"माझ्या कानाकडं बघा."

"बघतोय."

"दिसतो का?"

"दिसतो की, सायेब. केस लय वाढल्यात."

डॉक्टर वाकून त्या डोळ्यात बघत राहिले. टॉर्च नव्हती, भिंग नव्हतं, आतलं काही दिसणं शक्य नव्हतं. मग त्यांनी डावी पापणी उचलली, बघितलं, आणि हळूच सोडून दिली. खुर्चीला पाठ टेकली. मान वळवली नाही, पण आवाज जुनाच होता.

"लिहा मास्तरीणबाई. एक."

माझ्याकडं वही नव्हती. पर्समधून एसटीचं तिकीट काढलं, त्याच्या मागं तारीख घातली आणि लिहिलं.

"दमलो," डॉक्टर म्हणाले.

"चहा सांगू का सर?" मी विचारलं. आणि ते हो म्हणाले.